नेम दूरचा, खूण जवळची



आपल्या नित्याच्या बोलण्यात एक वाक्य फार सहज येऊन जाते : "त्याच्या हाताला नेम आहे." आणि त्याच्याच जोडीला दुसरेही येते : "हिच्या हाताला नेमच नाही." लगोरीचा डाव मांडताना, गोट्या खेळताना, कॅरमच्या फळीभोवती बसताना ही दोन्ही वाक्ये कानांवर पडतात आणि ती ऐकता ऐकता वर्गातील मुलांचे दोन तट पडतात. ज्याला नेम आहे तो संघ निवडताना आधी उचलला जातो. ज्याला नाही तो शेवटी उरतो आणि लांब गेलेला चेंडू आणून देण्याच्या कामी लागतो. पुढे पुढे त्या उरलेल्या मुलाचाही असा समज होतो की, नेम ही डोळ्यांच्या रंगासारखी जन्माबरोबर मिळालेली वस्तू आहे. ती आपल्या वाट्यास आली नाही, त्याला इलाज नाही.

हा समज कितपत खरा आहे, याची परीक्षा करावी म्हणून आम्ही येथे एक असा खेळ निवडला आहे की ज्यात नेम फूटपट्टीने मोजता येतो. टेन-पिन बोलिंग हा तो खेळ होय. मुंबई, पुणे, बेंगळुरू अशा शहरांत गेलेल्या काही विद्यार्थ्यांनी तो पाहिला असेल. कित्येकांनी तो पाहिलेलाही नसेल. परंतु ज्याने पाहिला नाही त्यालाही इयत्ता नववीची भूमिती येत असल्यास या लेखातील सर्व काही समजेल, असा आमचा विश्वास आहे.

खेळ आणि त्याची मापे

लांब, गुळगुळीत पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडावयाचा आणि पलीकडच्या टोकाशी त्रिकोणात उभ्या केलेल्या दहा पिना पाडावयाच्या, एवढाच हा खेळ. या पट्टीस लेन म्हणतात. पिना बाटलीच्या आकाराच्या आणि १५ इंच उंचीच्या असतात. चेंडू सुमारे साडेआठ इंच व्यासाचा असून त्याचे वजन जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे सुमारे सव्वासात किलो असते. अंगठा व दोन बोटे घालण्यासाठी त्याला बहुधा तीन भोके पाडलेली असतात. एका डावात दहा फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये चेंडू टाकण्याच्या दोन संधी. पहिल्याच चेंडूने दहाही पिना पडल्या तर तो स्ट्राइक. पहिल्यात काही उरल्या आणि दुसऱ्या चेंडूने त्या साऱ्या पडल्या तर तो स्पेअर.

पिना पाडण्याचे खेळ युरोपात फार जुने आहेत. वॉशिंग्टन आयर्व्हिंग या अमेरिकन लेखकाची रिप व्हॅन विंकलची कथा १८१९ साली प्रसिद्ध झाली. तीत डोंगरातील गूढ मंडळी नऊ पिनांचा खेळ खेळताना दिसतात. दहा पिनांचा खेळ अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुजला आणि १८९५ साली न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या अमेरिकन बोलिंग काँग्रेसने त्याचे नियम व मापे सर्वत्र सारखी करण्याचे काम हाती घेतले. पडलेल्या पिना उचलून पुन्हा मांडण्याचे काम त्या काळी पोरे करीत. तुमच्याच वयाची ती मुले रात्री उशिरापर्यंत लेनच्या टोकाशी बसून राबत. ल्युइस हाइन या छायाचित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी घेतलेली त्यांची चित्रे आजही पाहावयास मिळतात. १९४६ साली पिना मांडणारे स्वयंचलित यंत्र लोकांसमोर आले आणि पुढील दशकात ते जागोजागी बसू लागले. मुलांची त्या कष्टांतून सुटका झाली आणि पिना दर खेपेस त्याच जागी, त्याच अंतरावर उभ्या राहू लागल्या.

आता मापे नीट ध्यानात घ्यावीत, कारण पुढचा सारा विचार त्यांवर उभा आहे. चेंडू जेथून सोडावयाचा त्या रेषेस फाउल रेषा म्हणतात. तिच्यापासून सर्वांत पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर ६० फूट आहे. लेनची रुंदी सुमारे साडेएकेचाळीस इंच असून तीत ३९ उभ्या फळ्या असतात. म्हणजे एक फळी एका इंचाहून किंचित अधिक रुंद. आता बऱ्याच ठिकाणी लाकडाऐवजी कृत्रिम पृष्ठ वापरतात, तरी त्यावर फळ्यांच्या रेषा तशाच आखलेल्या असतात. उजव्या हाताने खेळणारा फळ्या उजवीकडून मोजतो, डावखुरा डावीकडून. मधली फळी दोघांचीही विसावी. फाउल रेषेपासून सुमारे १२ ते १६ फुटांच्या टापूत, दर पाच फळ्यांवर एक, असे सात बाण रंगविलेले असतात. फाउल रेषेच्या अलीकडे पावले टाकण्यासाठी किमान १५ फूट जागा असते आणि तिच्यावरही ठिपके असतात. पिना एकमेकींपासून १२ इंचांवर उभ्या असतात : पुढे एक, मागे दोन, मग तीन, शेवटी चार. त्यांना पुढून मागे व डावीकडून उजवीकडे १ ते १० असे क्रमांक आहेत.

एका अंशाची किंमत

उजव्या हाताने खेळणाऱ्याला स्ट्राइक हवा असेल तर चेंडू पहिल्या पिनेच्या नाकावर न मारता पहिली आणि तिसरी या पिनांमधील खाचेत घालावा लागतो. या खाचेस पॉकेट म्हणतात. आदर्श स्ट्राइकमध्ये चेंडू स्वतः फक्त चार पिनांना स्पर्श करतो : १, ३, ५ आणि ९. बाकीच्या सहा पिना पिनांनीच पडतात : पहिली दुसरीला, दुसरी चौथीला, चौथी सातवीला पाडते, तिसरी सहावीला, सहावी दहावीला, आणि पाचवी आठवीला. चेंडू नेमक्या जागी आला तरच ही साखळी अखंड चालते. तो दोन-तीन फळ्या इकडेतिकडे झाला की तिची एखादी कडी निसटू लागते.

आता त्रिकोणमितीचे थोडे गणित करू. ६० फूट म्हणजे ७२० इंच. चेंडू सोडताना त्याची दिशा केवळ एका अंशाने चुकली, तर ७२० इंचांवर तो सुमारे साडेबारा इंच बाजूला पडतो. म्हणजे एका पिनेऐवजी शेजारच्या पिनेवर जाण्याइतका! पाव अंश चुकला तरी तीन इंचांहून अधिक फरक पडतो. तुमच्या कंपासपेटीतील कोनमापकावर एक अंश किती बारीक असतो तो पाहा, त्याचे चार भाग कल्पा, आणि तेवढ्या चुकीने स्ट्राइक हुकतो हे लक्षात घ्या.

हे वाचून कोणी म्हणेल, "मग हे जन्मजात देणगीवाचून कोणास साधणार?" आमचे म्हणणे नेमके उलट आहे. एवढे सूक्ष्म काम डोळ्यांच्या आणि हाताच्या देणगीवर सोपवून भागत नाही. म्हणूनच या खेळातील जाणत्यांनी त्यासाठी रीत शोधून काढली. आणि जेथे रीत असते तेथे शिकणे असते.

अर्जुनाचा धडा आणि बाणांची ओळ

नेमाचा विषय निघाला की आपणांस अर्जुन आठवतो. द्रोणाचार्यांनी विचारले, "तुला काय दिसते?" इतरांना झाड दिसले, फांद्या दिसल्या, गुरू दिसले, अर्जुनाला केवळ पक्ष्याचा डोळा दिसला. ही कथा लहानपणापासून ऐकलेला विद्यार्थी बोलिंगच्या लेनवर उभा राहिला की साहजिकच ६० फुटांवरील पिनेकडे टक लावून पाहू लागतो. परंतु या खेळातील बहुतेक शिक्षक त्याला सांगतात, "पिनांकडे पाहू नकोस. जवळच्या बाणाकडे पाहा."

हा अर्जुनाच्या धड्याला विरोध नव्हे काय? वरवर पाहता तसे वाटते. पण अर्जुनाचे मर्म दूर पाहण्यात नव्हते, एकच पाहण्यात होते. बोलिंगचा खेळाडूही एकच पाहतो. मात्र ते एक लक्ष्य तो जवळ आणून ठेवतो. आपल्याकडे सूर काढण्यासाठी माडावर चढणारा रेंदेर शेंड्याकडे पाहत पाय टाकीत नाही. खोडावरील पुढची खाच पाहतो. शेंडा कोठे आहे हे त्याला ठाऊक असतेच, परंतु पाऊल पडावयाचे असते ते खाचेत.

जवळची खूण धरण्याची कारणे दोन. पहिले सोपे आहे : १५ फुटांवरील एका फळीवर नजर ठेवणे ६० फुटांवरील त्याच रुंदीच्या जागेवर ठेवण्याहून सोपे असते. दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. चेंडू ठरलेल्या खुणेवरून गेला की नाही, हे खेळाडूला स्वतःच्या डोळ्यांनी आणि निःसंशय पाहता येते. केवळ पिनांकडे पाहणाऱ्याला एवढेच कळते की चेंडू चुकला. तो का चुकला हे कळत नाही. खुणेकडे पाहणाऱ्याला चुकीचे कारण शोधता येते. गणिताचे उत्तर चुकले असता आपण नुसते शेवटचे उत्तर पाहून कपाळाला हात लावीत नाही, पायऱ्या तपासतो. बाणांची ओळ ही नेमाच्या गणितातील मधली पायरी होय.

समरूप त्रिकोणांचा उपयोग

बाण सरासरीने १५ फुटांवर धरू. तेथून पिना ४५ फूट राहतात. म्हणजे बाणाच्या अलीकडचे अंतर आणि पलीकडचे अंतर यांचे गुणोत्तर १ : ३ झाले. सरळ चेंडूचा मार्ग बाणातून जाणारी रेषा मानला, तर बाणाच्या दोन्ही बाजूंना दोन समरूप त्रिकोण तयार होतात आणि त्यांतून तीन नियम निघतात.

पहिला नियम : खूण तीच ठेवून चेंडू सोडण्याची जागा एक फळी उजवीकडे नेली, तर पिनांशी चेंडू तीन फळ्या डावीकडे जातो. दुसरा : सोडण्याची जागा तीच ठेवून चेंडू खुणेपासून एक फळी चुकला, तर ६० फुटांवर ती चूक चौपट होते, कारण ६० ही १५ ची चौपट आहे. तिसरा : सोडण्याची जागा आणि खूण दोन्ही एकाच बाजूला एकेक फळी सरकविली, तर चेंडूही पिनांशी एकच फळी सरकतो.

एक उदाहरण घेऊ. पॉकेट उजवीकडून सुमारे साडेसतराव्या फळीवर येते. दुसऱ्या बाणावरून, म्हणजे दहाव्या फळीवरून, सरळ चेंडू तेथे पोहोचवावयाचा आहे. बाणापासून पिनांपर्यंत चेंडूला साडेसात फळ्या डावीकडे जावयाचे आहे. म्हणून बाणापर्यंत तो त्याच्या एक-तृतीयांश, म्हणजे अडीच फळ्या गेला पाहिजे. दहातून अडीच वजा केले की साडेसात उरतात. तेव्हा चेंडू फाउल रेषेवर साडेसाताव्या फळीपाशी टेकला पाहिजे. मात्र चेंडू पायाखालून सुटत नाही, खांद्यापासून लोंबणाऱ्या हातातून सुटतो. तो घसरत थांबणाऱ्या डाव्या पावलाच्या सहा-सात फळ्या उजवीकडे असतो. म्हणून ते पाऊल सुमारे चौदाव्या फळीवर थांबावे. आलेख-कागदावर ही आकृती काढून पाहावी. डोक्यातील गोंधळ कागदावर लगेच निवळतो.

उभे राहणे, चालणे, सोडणे

मार्ग ठरला, आता शरीर त्या मार्गाला जुळविले पाहिजे. नवशिका हातावर सारा भार टाकतो, परंतु हात हा शेवटचा सेवक आहे. पाय आणि खांदे त्याच्या आधी येतात.

उभे राहताना पावलाची कड ठिपक्यांच्या साहाय्याने ठराविक फळीवर ठेवावी, आणि ती फळी दर खेपेस तीच असावी. खांदे जोडणारी रेषा चेंडूच्या ठरलेल्या मार्गाशी काटकोन करील असे राहावे. खांदे पिनांच्या दिशेला आणि मार्ग बाणाच्या दिशेला, असे झाले की हात आणि शरीर यांचे भांडण सुरू होते आणि चेंडू दोघांच्या मधून तिसरीकडेच जातो.

बहुतेक नवशिक्यांना चार पावले पुरतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे पहिले पाऊल उजवे. त्याच वेळी चेंडू पुढे ढकलावा. दुसऱ्या पावलाला तो खाली येतो, तिसऱ्याला मागे जातो, आणि चौथे, म्हणजे डावे, पाऊल घसरत थांबताना पुढे येऊन सुटतो. हा झोका घड्याळाच्या लंबकासारखा मोकळा असावा. लंबक आपली दिशा बदलीत नाही, कारण त्याला कोणी मध्येच ढकलीत नाही. हातानेही चेंडूला मध्येच बळ देऊ नये. मागे नेलेल्या चेंडूचे वजन त्याला पुढे आणण्यास पुरेसे असते. ज्याला चेंडू जोराने फेकावासा वाटतो त्याचा खांदा वळतो, आणि खांदा वळला की पाव अंश केव्हाच निघून गेला!

चेंडू फार जड असेल तर ही सारी शिकवण व्यर्थ जाते. आपल्या वजनाच्या सुमारे एक-दशांश वजनाचा चेंडू हा नवशिक्यांसाठी रूढ अंदाज आहे. मनगट वाकत असेल तर त्याहूनही हलका घ्यावा. चेंडू सुटल्यावर तो बाण ओलांडीपर्यंत शरीर तसेच स्थिर ठेवावे आणि नजर खुणेवरून हलवू नये. पिनांचा आवाज ऐकू येईलच. तो पाहण्याची घाई करू नये.

न्यायनिवाडा : चूक पायाची की हाताची?

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येऊ. प्रत्येक चेंडूनंतर स्वतःला दोन प्रश्न विचारावेत : चेंडू खुणेवरून गेला काय? आणि चेंडू पिनांशी योग्य जागी लागला काय? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून चार प्रकार संभवतात.

खुणेवरून गेला आणि जागी लागला, तर काहीही बदलू नये.

खुणेवरून गेला, परंतु पिनांशी चुकला, तर हात निर्दोष आहे. उभे राहण्याची जागा चुकली. अशा वेळी खूण तीच ठेवून पाय सरकवावेत. चेंडू ज्या बाजूला चुकला त्याच बाजूला पाय न्यावेत. हे प्रथम उलटे वाटते. परंतु वरचा पहिला नियम आठवावा. पाय उजवीकडे गेले की चेंडू पिनांशी डावीकडे जातो. म्हणून उजवीकडे चुकलेल्याने उजवीकडेच सरकावयाचे.

खूण चुकली आणि पिनाही चुकल्या, तर जागा मुळीच बदलू नये. दोष हाताचा किंवा चालण्याचा आहे. प्रथम पाऊल ठरलेल्या फळीवर थांबले काय ते पाहावे, मग खांदे, मग झोका. येथे जो पाय सरकवितो तो एका चुकीवर दुसरी चूक चढवितो, आणि पुढे कोणती कोणाची हे त्यालाच ओळखता येत नाही.

चौथा प्रकार फार फसवा आहे : खूण चुकली, तरी पिना पडल्या. भोवतालचे लोक टाळ्या वाजवितात. शिकणाऱ्याने मात्र हा चेंडू आपल्या वहीत चुकीच्याच सदरात लिहावा. योगायोगाने बरोबर आलेले उत्तर पुढच्या परीक्षेत उपयोगी पडत नाही.

यासाठी एक लहान वही जवळ ठेवावी. तीत चार सदरे आखावीत : कोठे उभे राहिलो, पाऊल कोठे थांबले, चेंडू कोणत्या फळीवरून गेला, पिनांशी कोठे लागला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वीस चेंडूंची अशी नोंद वाचली म्हणजे "माझ्या हाताला नेम नाही" या मोघम दुःखाच्या जागी "माझे पाऊल दर खेपेस दोन फळ्या डावीकडे वाहते" असे नेमके वाक्य सापडते. पहिल्या वाक्यावर उपाय नाही, दुसऱ्यावर आहे.

उरलेल्या पिना

नवशिक्याचा ओढा स्ट्राइककडे असतो, परंतु शिकण्याची खरी सुरुवात स्पेअरपासून करावी. एकट्या उभ्या पिनेला पाडण्यासाठी चेंडूच्या मध्याला दोन्ही बाजूंनी सुमारे सहा-सहा इंचांची मोकळीक असते, म्हणजे जवळजवळ अर्धा-अर्धा अंश. पॉकेटच्या मानाने हे अंगण बरेच मोठे आहे. आणि गुणांचा हिशेब पाहा : स्पेअरला दहा गुण आणि पुढच्या एका चेंडूचे गुण मिळतात. दहाही फ्रेममध्ये पहिल्या चेंडूने नऊ पिना पाडून उरलेली एक दुसऱ्याने पाडली आणि अखेरच्या जादा चेंडूनेही नऊ पाडल्या, तर प्रत्येक फ्रेमचे १९ या हिशेबाने १९० गुण होतात. त्यात स्ट्राइक एकही नाही! पूर्ण डावाचे कमाल गुण ३०० आहेत.

स्पेअरसाठी तीन-सहा-नऊ अशी एक प्रसिद्ध रीत आहे. उजव्या हाताच्या खेळाडूने खूण तीच ठेवून, डावीकडील दुसऱ्या पिनेसाठी तीन फळ्या, चौथीसाठी सहा आणि सातवीसाठी नऊ फळ्या उजवीकडे सरकून उभे राहावे, असा तिचा सारांश. ही संख्या कोठून आली? समोरून पाहता पिनांचे स्तंभ सहा-सहा इंचांवर, म्हणजे सुमारे साडेपाच-पावणेसहा फळ्यांवर येतात. फाउल रेषेच्या १५ फूट मागे उभे राहिलेला खेळाडू बाणापासून ३० फूट दूर असतो. तो नेमका बाणाच्या रोखाने चालत गेला, तर ३० : ४५ या गुणोत्तराने तीन फळ्यांचे साडेचार फळ्या होतात. तो पूर्वीसारखाच समांतर चालला आणि केवळ शेवटी दिशा वळवली, तर १ : ३ या गुणोत्तराने तीनचे नऊ होतात. प्रत्यक्षात माणूस या दोहोंच्या मध्ये कोठेतरी चालतो, आणि साडेपाच-पावणेसहा ही संख्याही त्या दोहोंच्या मध्येच आहे. म्हणून ही रीत आरंभासाठी चांगली, परंतु अंतिम नव्हे. आपल्या चालीला तीन पुरतात की दोन, हे आपल्या वहीने ठरवावे.

वळणाऱ्या चेंडूविषयी थोडेसे

येथवर आम्ही चेंडू सरळ जातो असे धरले. मुरलेले खेळाडू मात्र चेंडूला फिरकी देऊन शेवटी वळवितात. त्यास हुक म्हणतात. त्याचे कारणही कोनातच आहे. अगदी उजव्या कडेवरून सरळ टाकलेला चेंडूदेखील पॉकेटमध्ये दीड अंशाहून अधिक तिरपा शिरू शकत नाही. स्ट्राइकला मात्र सुमारे सहा अंशांचा प्रवेश अधिक अनुकूल मानतात. लेनच्या पुढच्या सुमारे दोन-तृतीयांश भागावर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. त्यावर चेंडू घसरतो; पुढे कोरड्या भागात घर्षण वाढते आणि फिरकी त्याला वळविते. खेळ चालू असता चेंडूंबरोबर तेल पुसले जाते, सरकते, आणि सकाळी बरोबर असलेली जागा दुपारी चुकीची ठरते. ज्याला खुणेचा न्यायनिवाडा येतो तो ओळखतो की, "माझा चेंडू खुणेवरून गेला, बदलली ती लेन," आणि शांतपणे पाय सरकवितो. ज्याला तो येत नाही तो स्वतःच्या हातावर रागावतो.

फिलिपाइन्सचे राफाएल ऊर्फ पाएंग नेपोमुसेनो या डावखुऱ्या खेळाडूने बोलिंगची जागतिक चषक स्पर्धा चार वेळा जिंकली : १९७६, १९८०, १९९२ आणि १९९६ या साली. पहिल्या विजयाच्या वेळी ते १९ वर्षांचे होते, चौथ्याच्या वेळी ३९. वीस वर्षांच्या या काळात विजय मिळाले ते तेहरान, जाकार्ता, ल मां आणि बेलफास्ट अशा चार वेगवेगळ्या देशांतील नगरांत. इतक्या दीर्घ काळात आणि इतक्या निरनिराळ्या लेनवर टिकणारी गोष्ट केवळ तारुण्याच्या बहरावर उभी असेल, असे आम्हांस वाटत नाही.

शाळेच्या पडवीतील प्रयोग

आपल्या गावी बोलिंगची लेन नाही, म्हणून हा लेख मिटून ठेवण्याचे कारण नाही. शाळेच्या पडवीत किंवा अंगणात खडूने एक रेषा आखावी. तिच्यापासून ६० फुटांवर थोडी वाळू भरलेली प्लॅस्टिकची बाटली उभी करावी आणि १५ फुटांवर चार इंच रुंदीची खूण करावी. एवढी जागा नसल्यास बाटली २० फुटांवर आणि खूण ५ फुटांवर ठेवावी. गुणोत्तर तेच राहते. साधा रबरी किंवा टेनिसचा चेंडू पुरे. तो फेकू नये, घरंगळत सोडावा.

प्रत्येकाने बाटलीकडे पाहून वीस चेंडू सोडावेत, मग खुणेकडे पाहून वीस. एका सोबत्याने खुणेपाशी बसून चेंडू तिच्यावरून गेला की नाही ते सांगावे, दुसऱ्याने वहीत लिहावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळीस चेंडू, परंतु आता क्रम उलटा : आधी खूण, मग बाटली, नाहीतर सरावाचा लाभ एकाच रीतीच्या पदरात पडेल. आठवड्याच्या शेवटी आकड्यांची तुलना करावी. निकाल काय लागेल हे आम्ही आधीच सांगून टाकीत नाही. तो वहीतून वाचण्यातच प्रयोगाची गोडी आहे.

एक विनंती मात्र आहे. हा प्रयोग मांडताना, संघ निवडताना नेहमी शेवटी उरणाऱ्या मुलांना आणि मुलींना पहिला चेंडू द्यावा. चांगला नेम असलेल्यांचे कौशल्य आपण पुष्कळ पाहिले आहे. त्यांच्या चाळीस चेंडूंतून नवे फारसे कळणार नाही. ज्याला कोणी आजवर खूण दाखविली नाही, त्याची वही आठवड्याने काय बोलते, ते पाहण्यासारखे आहे. काही जणांचे हात उपजतच अधिक स्थिर असतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पाय कोठे ठेवावा, खांदे कोणीकडे वळवावेत, चूक कोणाची हे कसे ओळखावे, यांतले काहीही उपजत नाही. ते शिकवावे लागते आणि शिकता येते. तेवढे शिकविण्यापूर्वीच एखाद्या मुलाच्या हातावर "नेम नाही" असा शिक्का मारण्याचा अधिकार कोणासही नाही, शिक्षकांस तर मुळीच नाही.